दुसऱ्याच्या कपाटातलं लायसन

मालकानं माझ्या लेकाचं लायसन फौजदाराच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘जीप ह्यो चालवत व्हता. म्हातारं ह्यानंच उडवलं.’’

लेक मालकाचा ड्रायव्हर. निरोप आला म्हणून दोघं मालकाच्या वाड्यावर गेलो होतो. तो उभा. मी पायरीखाली मातीत. आम्हा बौद्धवस्तीतल्यांची बसायची जागा तीच.

त्या दिवशी लेक जीपवर नव्हताच. मला डोळ्याच्या ऑपरेशनला यष्टीनं दौंडला घेऊन गेला होता. पट्टी अजून डोळ्यावर होती. वडगाव रासाईच्या रस्त्याला सायकलवरचा म्हातारा मेला तो मालकाच्या धाकट्या पोराच्या हातून. दारू पिऊन चालवतो म्हणून त्याचं लायसन सस्पेंड झालेलं. माझ्या लेकाचं लायसन मालकाच्या कपाटात. रीतच होती तशी. ड्रायव्हरनं काम सोडून पळू नये म्हणून.

मालक खाली वाकला. आवाज गोड केला. ‘‘म्हातारे, धाकट्याचं नाव लागलं तर इमा कंपनी हात वर करंल. सस्पेंड लायसनला इमा न्हाई. सगळं माझ्या अंगावर येतंय. तुझ्या पोराचं लायसन चालू हाय. मेलेल्याच्या बायकोला भरपाई मिळंल. तुला पुण्य लागंल.’’

‘‘आन् माझं पोरगं?’’

‘‘आत दोन येळचं जेवण मिळतंय की. घरी कुठं मिळतं तुमच्यात?’’

धाकटा ओट्यावर दात कोरत होता. तो हसला. फौजदारही हसला.

मी उठले. जन्मात पहिल्यांदा ती पायरी चढले. पायात चपला होत्या.

‘‘सायेब, दौंडच्या दवाखान्यात इचारा, पट्टी बांधली तवा माझा हात कुणी धरला व्हता. आन् मालक, त्या बाईला द्यायचंच हाय तर तुमचा ऊस इका.’’

आता कोणी हसलं नाही. मालक हळूच म्हणाला, ‘‘तुझं घर रस्त्याला लागून हाय, म्हातारे. ध्यानात ठेव.’’

दवाखान्यात चौकशी झाली. लेक सुटला, लायसन परत मिळालं. कामही सुटलं. मग रोज दिवस मावळताना जीप आमच्या दारापुढं येऊन थांबायची. इंजिन चालू. आतलं माणूस दिसायचं नाही. मी उंबऱ्यावरून हलले नाही.

धाकट्यावर केस उभी राहिली. कोर्टात साक्षीला हाक आली तोवर पट्टी निघाली होती. धाकट्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघत सगळं सांगितलं.

जीप अजून त्याच रस्त्यानं जाते. दारापाशी आली की हळू होते. होऊ दे. लेकाचं लायसन लेकाच्या खिशात राहील. मी जिवंत असेतो ते कुणाच्या कपाटात जाणार नाही.

पायरीखाली मातीत बसवलेली म्हातारी मी.