डाव्या दांडीचा दसरा

थोरला भाऊ पलटणीत गाड्यांचं वायरिंग करायचा. सुटून येताना त्याने मुंबईहून एक जुनं पिनबॉलचं, म्हणजे बटण दाबून दोन दांड्यांनी गोळी उडवायच्या खेळाचं मशीन आणलं आणि तासगावच्या स्टँडसमोरच्या आमच्या चहाच्या हॉटेलात मांडलं. त्याचा त्यावर भारी जीव. वहिनीला मात्र त्या जागी पिठाची गिरण हवी होती. मशीन एक दिवस जरी बंद पडलं तरी गिरण बसवणार, असं तिने बजावलं होतं, आणि वहिनी बोलली की बोलली.

दसऱ्याच्या सकाळी डावी दांडी लुळी पडली. बटण दाबलं की जेमतेम मान उचलायची आणि गोळी निवांत खाली जायची. नेमका त्याच दिवशी वहिनीचा भाऊ सांगलीहून जेवायला येणार होता आणि गिरणीची जागाही बघणार होता. माझ्या भावाचा चेहरा बघवेना.

दिवे लागत होते, उजवी दांडी ठणठणीत होती, म्हणजे वीज येत होती. भावाने गोळी फिरते ती फळी उचलून बटणाच्या तारा तपासल्या, दांड्या ओढणाऱ्या दोन्ही कॉइलींची अदलाबदल केली. तरी डावीच लुळी. तेवढ्यात पाहुणा आला. चहा घेतला आणि खिशातून टेप काढून मशीनची लांबी मोजू लागला. मला इतका राग आला की दुसरा चहा मी विचारलाच नाही.

फळीखाली वाकलेला भाऊ तसाच थांबला. खुणेने मला बोलावलं. दांडीच्या बुडाशी दोन पट्ट्या असतात. त्यांची टोकं नीट टेकली तरच दांडीला जोर मिळतो. त्या टोकांमध्ये तेलात कालवलेलं हळदकुंकू बसलं होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी. वहिनीने सायकलीपासून स्टोव्हपर्यंत सगळ्यांना बोट लावलं होतं. मशीनची पूजा वरवरची नको म्हणून तिने फळी उचलायला लावली, आणि जोर कुठून येतो ते भावानेच कौतुकाने दाखवलं होतं.

भावाने प्लग काढला, पोस्टकार्डाच्या तुकड्याने टोकं पुसली, फळी खाली बसवली आणि प्लग लावून बटण दाबलं. दांडी अशी उसळली की गोळी काचेवर आपटली. पाहुण्याने टेप गुंडाळला.

वहिनी म्हणाली, "बगा, काल पूजा केली म्हणून आज चाललं. न्हाईतर गेलंच हुतं."

भावाने लाल झालेला तुकडा मुठीत दडवला. "व्हय," तो म्हणाला, "लय पावली पूजा."

वहिनी खुशीत आत गेली आणि हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. "मग उचला की फळी."