घाण नाही, रक्त जातंय

मैत्रिणींनो, दवाखान्यातली बाळंतपणं आटपून नुकतीच घरी आलेय. ताट बाजूला ठेवून तुमच्याशी बोलते.

आज सकाळी सांगोल्याकडची एक मुलगी आमच्याकडे सोलापुरात बाळंत झाली. बाळ खणखणीत रडलं. रक्तस्राव मला तरी नेहमीसारखाच वाटत होता. पण हल्ली आम्ही बाळंतिणीच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावतो. बघते तर रक्त धोक्याच्या रेघेवर गेलेलं! इंजेक्शन, सलाइन, गर्भाशय चोळणं, सगळं एकदम सुरू केलं. मुलगी वाचली.

वैद्यकीय परिषदा म्हटलं की मला फुकटच्या बॅगा आणि लांबलचक भाषणं आठवतात. पण जगभरातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना एक गोष्ट आम्हाला पुन्हापुन्हा बजावतात. नजरेवर जाऊ नका, रक्त मोजा. आज त्याचीच किंमत कळली.

बाहेर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना पिशवीचं सांगितलं. तशा त्या म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, माजी लेक घरीच बाळंत झाल्ती. लई रगत जात हुतं. आमी म्हणलो, पोटातली घाण हाय, जाऊ द्या की. दिवस मावळायच्या आत थंड पडली."



जगभरातून निघालेला निरोप माझ्या टेबलापर्यंत पोचला. त्या माउलीच्या उंबऱ्यापर्यंत तो कोण नेणार होतं?

तुमच्या घरात बाळंतीण असेल, रक्त थांबत नसेल आणि कुणी म्हणालं, "घाणच जातेय," तर वाद घालत बसू नका. गाडी काढा.