बोटाची ग्वाही

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या सरांना ‘चमचेवाले सर’ म्हणत. "मोठ्या बाईंना चमचे काय कमी होते, हे पिशवीतून आणखी घेऊन येतात," असं गणिताचे सर म्हणायचे आणि चमचेवाले सरही हसायचे. पिशवीत एक स्टीलचा चमचा असे, एक लाकडी, एक प्लॅस्टिकचा. दांड्याच्या टोकाला लोण्याच्या ठिपक्यावर वाटाणा चिकटवायचा, चमचे गरम पाण्यात उभे करायचे आणि कुठला वाटाणा आधी घसरतो ते बघत बसायचं. उष्णता दिसत नाही. ती दांड्यावरून चढते आहे हे वाटाण्याकडे बघून समजायचं. दंगेखोर वर्गही तेवढा वेळ गप्प असे.

मग तीन वाडगी. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात, नंतर दोन्ही मधल्या कोमट पाण्यात. एकच पाणी, एका हाताला ऊन लागतं, दुसऱ्याला गार. मुलांचे हात पडण्याआधी सर गरम पाण्यात स्वतःचं बोट बुडवून बघत. कपाटात थर्मामीटर होता. "तो आकडा सांगतो. सोसेल का, ते बोटाला विचारायचं," असं ते म्हणत.

मधुमेह जुना होता. आधी पाय बधिर झाले, यंदा बोटं. घरी एकदा त्यांनी गॅसवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं.

"अहो, हात आहेत की सांडशी?" बायको म्हणाली. मग तिने त्यांचे तळवे उलटे करून पाहिले. "शाळेत सांगून टाका."

"सांगितलं की प्रयोग बंद. मग फळ्यावर बाण काढत बसू?"

"आणि एखाद्या पोराचा हात भाजला म्हणजे?"

"मी बघितल्याशिवाय कधी पाणी देतो का?"

तिने सांडशी त्यांच्या हाताशी ठेवली.

त्या दिवशी वर्गात त्यांनी बोट बुडवलं. पाणी निवलंय असं वाटलं, म्हणून किटलीतलं आणखी ओतलं. पुन्हा बोट बुडवलं, मान डोलावली. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे आली. तिने मनगटापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर ओढला. ती ओरडली नाही. लाल झालेला हात छातीशी धरून सरांकडे बघत राहिली.

मोठ्या बाईंच्या खोलीत मुलगी मलम लावलेला हात पुढे धरून बाकावर बसली होती. आईला निरोप गेला होता.

"पाणी तपासलं नव्हतंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

तपासलं म्हणावं तर बोटांचं बिंग फुटणार. नाही म्हणावं तर लेखी ताकीद, पालकांची बोलणी. ती खाली मान घालून ऐकता येतील. वाडगी तरी राहतील.

"नाही," सर म्हणाले. "राहून गेलं."

"नाही बाई," मुलगी बाकावरून म्हणाली. "सर खोटं बोलतायत. त्यांनी बोट घातलं होतं. दोनदा, चांगलं बराच वेळ. मी बघितलं ना."

मोठ्या बाईंची नजर सरांच्या हाताकडे गेली. सरांनी तो पाठीमागे नेला. तेवढंही करायला नको होतं.

"सर, कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

सरांची बाजू घेतल्याचं समाधान मुलीच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं, आणि ती त्यांच्याकडे बघून हसली, म्हणून त्यांनाही हसावं लागलं.