मोरवाली जूनो

विनय गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग स्टेशनवर ट्रेनची वाट पाहत होतो. त्याला आता महिना उलटून गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी आमच्या मैत्रीबद्दल लोक बोलले, चांगलंच बोलले. मला त्याचा हेवा वाटायचा, हे कुणी बोललं नाही. अजूनही वाटतो.

आम्हा दोघांना रोमन चांदीच्या नाण्यांचा नाद, त्यातही एका बाजूला सम्राज्ञी आणि दुसऱ्या बाजूला देवी असलेल्या नाण्यांचा. लंडनच्या एका नाणेप्रदर्शनात सम्राज्ञी फाउस्टिनाचं नाणं दिसलं. मागे जूनो देवी, पायाशी मोर. केसांची एकेक बट शाबूत, अक्षरांच्या खाचांत शतकांचा काळा थर. मी खिशातला छोटा काटा काढून वजन केलं, झीज तपासली, भाव ताडून पाहू लागलो... "तू हिशेब कर, मी हिला घरी नेतो," म्हणत विनयने पैसे दिलेसुद्धा.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याच्याकडे गेलो, तर नाणं पूजेच्या ताटात, लख्ख. त्याच्या बायकोने, वहिनींनी, टूथपेस्ट लावून घासलं होतं. संग्राहकाच्या लेखी तो काळा थर गेला की नाणं गेलं.

"अहो वहिनी, हे काय केलंत?"

"भाऊजी, पूजेत कळकट नाणं ठेवतात का? आणि मोर आहे, म्हणजे देवीच ना?"

विनय हसत होता. "इतक्या वर्षांनी बाईंचं अभ्यंगस्नान झालं. तू कसलं सुतक पाळतोयस?"

मग दरवर्षी फाउस्टिना घासली गेली, तिला हळदकुंकू लागलं, आल्यागेल्याच्या हातांतून ती फिरली. माझी नाणी प्लास्टिकच्या डब्यांत, निर्दोष. तरी मला तीच हवी होती. चहा पिताना म्हणायचो, "बदल्यात माझी दोन घे." तो म्हणायचा, "बघू रे."

परवा वहिनींनी बोलावलं. नाण्यांचा ट्रे पुढे ठेवून म्हणाल्या, "आवडेल ते एक न्या." ट्रेमध्ये फाउस्टिना नव्हती. माझी नजर देवघराकडे गेली, ती त्यांनी टिपली.

"तुमचा जीव तिच्यातच आहे, हे यांनाही ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी एकदा म्हटलं, देऊन टाका ना त्यांना. तर म्हणाले, दिलं तर तो यायचा बंद होईल."

तो मला इतका ओळखून होता, आणि मला पत्ता नव्हता... याचाही हेवाच वाटला.

ट्रे मी तसाच परत केला. फाउस्टिना देवघरातच आहे. तिचं नाक जवळजवळ पुसलं गेलंय, मोर मात्र ओळखू येतो. येत्या दिवाळीला घासायला मी येतो, असं वहिनींना सांगून आलो आहे.