पूर्व भागात हरवलेली जर्मेनियमची भिंगं

सोलापुरात फौजदार म्हणून काढलेल्या वर्षांत मी चोऱ्या, मारामाऱ्या, गिरणीतले तंटे असं पुष्कळ पाहिलं. पण एखादी केस सांगा असं कुणी म्हणालं, की मला आधी एका लाकडी पेटीची केस आठवते. त्यात ना खून झाला, ना दरोडा पडला. तरीही एक माणूस आयुष्यातून उठायची वेळ आली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एकाहत्तरचं युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. लष्कराशी संबंधित काहीही हरवलं, की वरपासून खालपर्यंत सगळे हादरायचे. एका संध्याकाळी तिशीतला एक गृहस्थ ठाण्यात आला. दक्षिणेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ होता. रेल्वेनं पुण्याला माल पोहोचवायला निघाला होता. सोलापूरला गाडी थांबली तेव्हा स्टेशनबाहेर चहा प्यायला उतरलो आणि टपरीवरून पेटी गेली, अशी त्याची फिर्याद.

"पेटीत काय होतं?" मी विचारलं.

"भिंगं आणि सपाट चकत्या. जर्मेनियमच्या."

"म्हणजे काचेच्या?"

"काच नव्हे, साहेब. दिसायला काळपट आरशासारख्या. डोळ्याला आरपार काही दिसत नाही, पण उष्णतेचे किरण पार जातात. अंधारात माणूस किंवा गाडी त्यांच्या उष्णतेवरून टिपणारं यंत्र असतं, त्यात बसवतात. आपटल्या की फुटतात."

फिर्याद नोंदवून घेतली, वायरलेसवरून संदेश दिले. आमचे निरीक्षक अनुभवी होते. ते म्हणाले, "हा माल चोरबाजारात कोण घेणार? कुणी नेला असेल तर घेणारा आधीच ठरलेला आहे." याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. संशयाचं बोट फिर्यादीकडेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. स्टेशनवरचा एक टांगेवाला अधूनमधून आम्हाला माहिती द्यायचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, वो पेटीवाला झूठ बोल रहा है. कल सुबह मेरेच टांगे में बैठा था. पेटी गोद में रख के. पूरब भाग में छोड़ा उसकू, बुनकरों की गल्ली में."

मी तंत्रज्ञाला समोर बसवलं आणि टांगेवाल्याला उभं केलं. तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. खोटं बोलणारी माणसं मी दोन तऱ्हेची पाहिली आहेत. काही जण पकडले गेले की आवाज चढवतात, काही एकदम थकून जातात. हा दुसऱ्यातला.

"साहेब, बहिणीचं नाव यात आणू नका," एवढंच तो आधी म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो मूळचा सोलापूरचाच, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातला. माल घेऊन वाटेत कुठंही उतरायचं नाही, असा सक्त हुकूम असताना तो उतरला होता, बहिणीला भेटायला. वडील तिच्याचकडे राहत. त्यांचं आणि याचं बोलणं बंद होतं. आई वारली तेव्हा हा अंत्यविधीला आला नाही, म्हणून म्हाताऱ्यानं 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' असं कळवलं होतं.

"का आला नाहीत?"

"ते मला सांगता येत नाही. तेव्हाही सांगता आलं नव्हतं."

वडील लग्नासाठी गावाला गेलेत असं बहिणीच्या पत्रातून कळलं, म्हणून त्यानं तो दिवस साधला होता. जेवण झालं, दुपारी जरा आडवा झाला, उठून बघतो तर पेटी नाही. घर धुंडाळलं, बहिणीला विचारलं. ती म्हणाली, मला ठाऊक नाही. बहिणीच्या दारात पोलीस नकोत म्हणून त्यानं टपरीची गोष्ट रचली.

निरीक्षकांचा संशय उलट वाढला. पेटी घेणाऱ्याकडे पोहोचवून हा रिकाम्या हातानं आला, असं त्यांचं मत. केंद्राच्या तपास खात्याचे लोक यायला निघाले होते. त्यांच्या ताब्यात हा गेला असता, तर नोकरी गेलीच असती. देशद्रोहाचा डाग निर्दोष सुटला तरी पुसला गेला नसता.

मी तेलुगू जाणणाऱ्या आमच्या हवालदाराला घेऊन बहिणीच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकघर. नवरा मागावरून उठून उभा राहिला. बाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. मी सांगितलं, तुझ्या भावाला ठाण्यात बसवून ठेवलंय. सुटका कधी होईल सांगता येत नाही.

ती रडायला लागली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "म्हंजे आज तो सोलापुरातच हाय न्हवं? आज जाणार न्हाय?"

मी चमकलो. भाऊ अडकलाय आणि ही आज जाणार नाही ना म्हणून विचारते?

"आज काय आहे, बाई?"

 हवालदार तिच्याशी तेलुगूत बोलला, घरच्या माणसासारखा. तेव्हा तिनं सांगून टाकलं.

"अप्पा आज लग्नाहून येणारेत की, साहेब. तो कालच्या गाडीनं निघाला असता तर पुन्हा कवा आला असता? मी पेटी सुताच्या गठ्ठ्यात दडवली. म्हटलं, गाडी चुकू दे, अप्पांची गाठ पडू दे, मग देते काढून."

"मग दिली का नाहीस?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्यानं दिलं, कारण त्यालाही ते त्याच क्षणी कळत होतं. तो गठ्ठा त्यानं काल दुपारीच हातगाडीवर घालून रंगखान्यात पाठवला होता. ही तिथं धावत गेली तोवर रंगखाना बंद झाला होता. घरी परतली तर भाऊ पोलिसांकडे गेलेला. पोलिसांच्या भीतीनं तिनं घरातही कुणाला सांगितलं नाही.

आम्ही तसेच रंगखान्यात पोहोचलो. सुताच्या लडी उकळत्या रंगात जायच्या आधी गठ्ठा सोडला होता, म्हणून पेटी वाचली होती. पण सील फोडून ती उघडलेली होती. विणकराचीच काहीतरी वस्तू असेल म्हणून मुकादमानं फळीवर ठेवली होती. एक चकती खिळ्यांवर टेकवून भिंतीला लावलेली, आणि एक कामगार तिच्यात बघून भांग पाडत होता. मला पाहून त्याचा कंगवा हातातच राहिला.

पंचनामा केला, मुद्देमाल जमा केला. दुपारी प्रयोगशाळेचे एक वरिष्ठ अधिकारी ठाण्यात पोहोचले. त्यांनी एकेक नग मऊ कापडात धरून तपासला. भिंतीवरच्या चकतीचा काठ उडाला होता, बाकी माल शाबूत होता. यातून उष्णता पार जाते यावर माझा विश्वास बसत नाही हे पाहून त्यांनी चहाची शेगडी जवळ मागवली आणि ती काठ उडालेली चकती निखारे आणि माझा तळहात यांच्यामध्ये धरली. चकतीमागचे निखारे दिसेनासे झाले, पण धग हाताला तशीच लागत राहिली.

त्याच वेळी म्हातारा ठाण्यात आला. गावाहून घरी येताच त्याला सगळं कळलं होतं. मुलगा व्हरांड्यातल्या बाकावर होता. त्याच्याकडे न बघता म्हातारा सरळ आत आला आणि हवालदारामार्फत अधिकाऱ्यांना म्हणाला, "हा काय काम करतो ते मला ठाऊक नाही. पण आईला अग्नी द्यायला जो आला नाही, त्यानं सरकारचा तरी माल नीट सांभाळला असेल का?"

 अधिकारी चकती कापडात गुंडाळत म्हणाले, "यांना सांगा, तेव्हा तो आमच्याबरोबर वाळवंटात चाचणीवर होता. तिथून कुणालाही बाहेर सोडत नव्हतो. तार माझ्याकडे आली होती. चाचणी संपेपर्यंत मी ती त्याला दिली नाही. आणि कुठं होतास हे घरी सांगायचं नाही, हा हुकूमही माझाच."

हवालदारानं एकेक वाक्य सावकाश तेलुगूत सांगितलं. म्हाताऱ्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मग तो बाहेर व्हरांड्यात गेला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. 

"अन्नं तिन्नावा?" म्हातारा म्हणाला. जेवलास का?

मुलानं मान हलवली. नाही. म्हातारा उठला आणि मला विचारू लागला, याला घरी न्यायला परवानगी कुणाची लागते.

घडलं तसं मी लिहिलं. बहिणीचा जबाब, तिच्या नवऱ्याचा जबाब, मुकादमाचा जबाब. केंद्राच्या लोकांनी बहिणीच्या घरी आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे खातरजमा केली आणि चोरीचा गुन्हा घडलाच नाही म्हणून प्रकरण मिटलं. हुकूम मोडल्याबद्दल त्याच्यावर खात्यानं कारवाई केली; माल नेण्याचं काम काढून त्याला कार्यशाळेत बसवलं. ते योग्यच होतं.

त्यानंतरच्या नोकरीत एखादी वस्तू नाहीशी झाली, की ती कुणाच्या फायद्याची हा प्रश्न मी विचारायचोच, पण त्याच्याबरोबर आणखी एक विचारू लागलो: ती नसल्यामुळे कुणाचं काय अडलं, कोण कुठं जायचं थांबलं? त्या प्रश्नानं मला पुढं अनेकदा खऱ्या चोरापर्यंतही नेलं. पण तो मला शिकवला एका घाबरलेल्या बाईनं, जिला त्या पेटीत काय आहे हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.