लाइनीवरच्या आक्का

मला लाइनीवर उभं केलं ते आक्कांनी. हे आधी सांगून ठेवतो. पुढचं वाचल्यावर तुम्हाला माझ्याबद्दल दुसरंच काही वाटेल, आणि ते फारसं चूक नसेल.

"आभाळ बगितलं काय, पावणं?" हे आक्कांचं वाक्य. साठीच्या पुढच्या बाई, शिरोळकडे ऊस, साडीवर मुलाचं जुनं खिशांचं जाकीट, पायात बूट. बारा बोरची दुनळी बंदूक मधोमध उघडून हातावर आडवी टाकलेली असायची. आपल्या जागेवर आल्या की नळ्या वर उचलून मागून एक डोळा लावायच्या. एका नळीतून आभाळ, मग दुसरीतून. "दिसलं," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि मगच काडतूस घालायच्या. शेजारी कोणी नवखा असला की त्यालाही विचारायच्या.

एकदा एक जण म्हणाला, "घरून साफ करून आणलीय."

"घरात आभाळ नसतंय," आक्का म्हणाल्या. "हितं बगा."

त्याने मुकाट्याने बघितलं. मग आक्का त्याला "आता कसं?" म्हणून हसल्या, तेव्हा तोही हसला.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर ही आमची रेंज. समोर जमिनीत खड्डा आहे, त्यात एक यंत्र आहे. ते बशीएवढ्या चकत्या हवेत फेकतं आणि मागे ओळीत उभे राहिलेले नेमबाज त्या चकत्या छऱ्यांनी फोडतात. त्या ओळीला लाइन म्हणतात. मी खड्ड्यात बसून यंत्रात चकत्या भरायचो. माझं गाव गोंदियाकडे. शाळा सातवीत सुटली. इकडे फाउंड्रीत आलो होतो, ते काम सुटलं तेव्हा हे मिळालं. बायको-मुलगी गावाकडेच.

चकत्या संपल्या की खड्ड्यातून लाल झेंडा बाहेर काढायचा. झेंडा दिसला की लाइनीवरच्या सगळ्यांनी बंदुका उघडून, काडतुसं काढून उभं राहायचं, आणि मग मी बाहेर यायचं. मी पहिल्यापासून भित्रा. झेंडा काढूनही मी डोकं वर करून एकेकाची बंदूक उघडी आहे का ते बघत बसायचो. एकदा बघून समाधान व्हायचं नाही, पुन्हा बघायचो. लोक वैतागायचे. "चल की लवकर, सावली सरकली," असं कोणी ओरडायचं.

एक दिवस आक्काच बोलल्या. "बघू दे की त्याला. त्येचा जीव हाय, तुमची सावली हाय."

मग मला जवळ बोलावून विचारलं, "कुठलं रं तू?"

"गोंदियाकडला जी."

"एवढ्या लांबनं येऊन खड्ड्यात बसलायस व्हय?"

"काम आहे जी."

"ह्यो जी काय प्रकार हाय?"

"आमच्याकडं तसंच बोलतात जी."

आक्का मोठ्याने हसल्या. जाकिटाच्या डाव्या खिशातून उकडलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. उजव्या खिशात काडतुसं. खिशांची अदलाबदल मी कधी बघितली नाही. मलाही त्यांच्या बोलण्याची गंमत वाटायची. बाई असून "मी आलो", "मी जातो" म्हणायच्या. इकडच्या बायका तशाच बोलतात हे मला नंतर कळलं.

आभाळ कशासाठी बघायचं ते त्यांनी मला एका पिवळ्या काडतुसाने दाखवलं. ते वीस बोरचं, म्हणजे बारापेक्षा बारीक होतं, सरावाचं, आत दारू नसलेलं. ते त्यांनी आपल्या उघड्या बंदुकीत टाकलं. बारा बोरच्या नळीत ते अडलं नाही, आत घसरून पुढे रुतलं आणि दिसेनासं झालं.

"आता सांग, बंदूक भरलीया का रिकामी?"

"रिकामी दिसते जी."

"दिसती. म्हणून मानूस मागनं बाराचं लाल काडतूस घालतोय, अन् नळी फुटती." त्यांनी मूठ आवळली आणि एकदम उघडली. "माझ्या दिराची बोटं अशीच गेली. पिवळं अन् लाल एका पिशवीत ठेवलंवतं. डुकरं उसात शिरल्यावर घाई झाली."

त्यानंतर आक्कांना कधी कोणी दिराबद्दल विचारलेलं मी ऐकलं नाही. पण लाइनीवर कोणाच्या पिशवीत पिवळं काडतूस दिसलं की त्या स्वतःची पाळी सोडून तिकडे जायच्या.

पुढे लाइन सांभाळणारा माणूस दुसरीकडे लागला. त्याच्या जागी कोण, यावर क्लबच्या मंडळींचं बोलणं चाललं होतं. इंग्रजी येणारा, जरा वजन असलेला माणूस हवा, असं बहुतेकांचं मत. मी चहा देत होतो. आक्कांनी कप घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्येला करा."

"आक्का, त्याला धड बोलता येत नाही."

"काडतुसाला इंग्रजी येतंय व्हय? ह्येला भ्या वाटतंय. ज्येला भ्या वाटतंय त्योच हितं उभा पायजे. तुमाला कुणाला भ्या वाटतंय? न्हाय. मग बसा."

मंडळी हसली आणि शिट्टी माझ्या गळ्यात आली. आजवर माझ्या भित्रेपणाला गावात, शाळेत, फाउंड्रीत सगळीकडे नावं ठेवलेली. तो कामाला येईल असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी बायकोला फोनवर हे दोनदा सांगितलं.

पुढचे कितीतरी रविवार आक्कांनी मला शिकवलं. आपली पाळी येऊन जागेवर उभं राहिल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. बंदूक मिटली की नळीचं तोंड समोर, दुसरीकडे कुठे नाही. दुसरा नेम धरत असेल तर बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा मागे जाऊन. चकती चुकली म्हणून कोणाला हसायचं नाही आणि फुटली म्हणून लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेजाऱ्याची पाळी असते. आणि नळी वळली की माणूस खाली, त्या दिवसापुरता. मोठा असो, धाकटा असो.

पहिल्यांदा मला एका सभासदाच्या पाहुण्याला उतरवावं लागलं. फोटो काढायला म्हणून तो मिटलेली बंदूक घेऊन वळला. मी शिट्टी वाजवली आणि तोंडातून निघालं, "साहेब, थोडं उतरता का जी?"

आक्का मागून म्हणाल्या, "लग्नाला बोलावतोयस व्हय त्येला? उतरा म्हण."

आता तुम्हाला ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

गेल्या पावसाळ्याआधीपासून आक्कांना शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. लाइनीवर सगळेच कानाला संरक्षण लावतात, त्यामुळे पहिल्यांदा लक्षात आलं नाही. पण ते काढून चहा पितानाही त्या "काय?" म्हणायच्या आणि उजवा कान पुढे करायच्या. शेजाऱ्याची पाळी संपली हे त्यांना आवाजावरून कळायचं नाही, त्या आजूबाजूला बघायच्या. एकदा मला काही विचारायला त्या वळल्या तेव्हा मिटलेली बंदूक थोडी बरोबर वळली. थोडीच. त्यांनी लगेच सावरली. दुसऱ्या कोणी बघितलं नाही. मी बघितलं.

मी काही बोललो नाही. त्या दिवशी त्या जाताना मला शेंगा देऊन गेल्या.

फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून द्या ना जी त्यायले. तुमचं कामच ते हाय."

"आक्काले कसं सांगू?"

"जसं बाकीच्यायले सांगता तसं."

पण बाकीच्यांनी मला लाइनीवर उभं केलं नव्हतं. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणत मी बरेच रविवार घालवले.

मग तो रविवार आला. पाऊस उघडला होता, सभासदांची घरची माणसं आली होती, मागच्या शेडमध्ये पोरं बसली होती. आक्कांनी चकती मागितली, चाप ओढला आणि नुसता टक् असा आवाज झाला. काडतूस फुसकं निघालं. अशा वेळी नळी समोर धरून तशीच थोडी वाट बघायची असते, दारू उशिरा पेटू शकते. मी ओरडलो, "तसंच थांबा." त्यांना ऐकू गेलं नाही. "काय झालं रं?" म्हणत त्या माझ्याकडे वळल्या. बंदूक मिटलेली, दुसऱ्या नळीत जिवंत काडतूस. नळ्या शेडवरून, पोरांवरून फिरत आल्या.

मी बाजूने शिरून नळ्यांखाली हात घातला आणि त्या वर उचलल्या. तशाच धरून थोडं थांबलो. मग बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं माझ्या हातात आली. शेडमध्ये कोणी हललं नाही. आक्कांनी शेडकडे बघितलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे की. आक्का हायत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शिट्टी वाजवली.

"आक्का, उतरा."

त्या क्षणभर माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय."

बंदूक हातावर आडवी टाकून त्या मागे गेल्या. इतरांची पाळी संपेपर्यंत बसून राहिल्या, मध्येच उठून जायचं नसतं म्हणून. सगळं थांबल्यावर उठल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. बंदूक त्यांनी विकायला दिली, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

सभासद मला शाबासकी देत होते. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं. मी शिरोळला गेलो.

आक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. मला बघून त्यांनी आत हाक मारून भाकरी वाढायला सांगितली. जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "मला ऐकू येत न्हाय हे तुला कवापासनं ठावं होतं?"

"पावसाळ्याच्या आधीपासून जी."

"मग तवाच का न्हाय सांगितलंस? मी एकटा असताना?"

मी समोरच्या शेंगा निवडायला लागलो.

"उतरवलंस ते बरोबर केलंस. त्येचं मला काय न्हाय. पर पोरांवरनं नळी फिरली रं माझी. माझी." त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "तू भितोस म्हणून तुला उभा केलावता. तू मलाच भ्यालास व्हय?"

मी म्हणालो की क्लबात कानाचं यंत्र लावणारे आहेत, मी डॉक्टरकडे घेऊन जातो.

"कशाला? सुनंची बोलणी ऐकाय?" असं म्हणून त्या हसल्या, आणि मीही हसलो, आणि विषय तिथेच राहिला.

परतताना मला जयसिंगपूरला सोडायला त्या जीप घेऊन निघाल्या. शेतकरी बाई, जीप स्वतः चालवते, याचं मला नेहमी कौतुक. रस्ता अरुंद. आक्का मधोमध गाडी घेऊन उसाच्या नव्या बियाण्याबद्दल बोलत होत्या. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. वाजतच होता. आक्का बोलत होत्या. शेवटी ट्रक कच्च्या कडेवर उतरून आम्हाला घासून पुढे गेला, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडला.

"काय म्हणाला रं?"

आम्ही दोघंच होतो. पोरं नव्हती, सभासद नव्हते. मी म्हणालो, "काही नाही जी."

स्टँडवर त्यांनी मला उतरवलं, "सुट्टीत गावाला जाऊन ये, पोरगी वाट बघत असंल," असं म्हणाल्या आणि बाजाराच्या गर्दीतून जीप वळवली. त्यांच्या मागे एक टेम्पो हॉर्न देत होता. गर्दीत दोन्ही दिसेनासे झाले तरी तो हॉर्न मला बराच वेळ ऐकू येत होता.

रोज सकाळी शिट्टी गळ्यात घालताना मला हे आठवतं. तुम्ही म्हणाल, फोन कर. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. समोर जाऊनच बोलावं लागेल. मी येईन, आक्का. गावाला जायच्या आधी तुमच्याकडे येईन, अंगणात कोणी नसताना तुमच्या उजव्या हाताला बसेन आणि जीपबद्दल बोलेन. तुम्ही रागावलात तरी पुरतं बोलून मगच उठेन. तुमचं देणं मी असंच फेडेन.