मागच्या सीटखालची थरथर

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्णिमाचं घर आहे. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आणि दारावर साडीला फॉल-पिको करून मिळेल अशी पाटी. दापोऱ्याच्या केळीवाल्या घरातली ही मुलगी लग्न होऊन इथे आली तेव्हा कुणाशी फारसं बोलायची नाही. आजही कमीच बोलते. पण एखादी गोष्ट तिच्या मनाने घेतली, की ती तडीस नेल्याशिवाय ती थांबत नाही, हे आम्ही शेजारी आता ओळखून आहोत.

गाडी चालवायला ती चाळिशीला टेकल्यावर शिकली. नवरा ललित नेपानगरला कागद कारखान्यात पाळीवर जातो. सोबतच्यांबरोबर, कधी त्यांच्या तर कधी आपल्या गाडीने, त्याची ये-जा होते, त्यामुळे घरची जुनी गाडी अर्धा आठवडा दारात उभीच असायची. "घरात गाडी असून दवाखान्यासाठी रिक्षा शोधत फिरायचं, हे मला जमणार नाही," एवढंच ती म्हणाली आणि सकाळच्या शिकवणीला जाऊ लागली. सासरे चुडामणकाका ओट्यावर बसून बघायचे. त्यांना ते पसंत नव्हतं, पण सुनेला तोंडावर नाही म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मग सरुबाईंचं दुखणं निघालं. सरुबाई म्हणजे पूर्णिमाची सासू. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि जखम भरल्यावर डॉक्टरांनी किरणांचे शेक घ्यायला सांगितले. शेक जळगावला. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, असे कित्येक आठवडे. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

सुरुवातीला दोघी रेल्वेने गेल्या. लालबागच्या स्टेशनापर्यंत रिक्षा, मग डब्यातली गर्दी, मग जळगावला पुन्हा रिक्षा. एकदा चढताना कुणाची तरी पेटी सरुबाईंच्या ऑपरेशनच्या बाजूला लागली. त्या ओरडल्या नाहीत, पण घरी येईपर्यंत त्यांनी पदर तोंडात धरून ठेवला होता. त्या संध्याकाळी पूर्णिमाने ललितला सांगितलं, "उद्यापासून गाडी मी काढते."

ललितच्या रजा ऑपरेशनातच संपल्या होत्या. तो म्हणाला, "तू जळगावपर्यंत? ट्रक असतात त्या रस्त्यावर."

"ट्रक त्यांच्या बाजूने जातील, मी माझ्या."

मागच्या सीटवर गोधडी घालून, दोन उशा लावून तिने सरुबाईंना निजवलं आणि निघाली. शहापूर, इच्छापूर, मुक्ताईनगर, भुसावळ. पहिल्या दिवशी तिचे खांदे भरून आले. आठवडाभरात रस्ता ओळखीचा झाला.

त्यानंतर एकदा वरणगावच्या अलीकडे पुढचं चाक पंक्चर झालं. रस्त्याच्या कडेच्या टपरीवाल्याने टायर रिमवरून उतरवलं, ठिगळ लावलं आणि परत चढवून दिलं. शेकाची वेळ चुकली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गाडीत काहीतरी बदललं.

बुऱ्हाणपूरपासून मुक्ताईनगरपर्यंत काही जाणवत नव्हतं. पुढे रुंद रस्ता लागला, काटा सत्तरच्या वर गेला, की स्टिअरिंग हातात बारीक थरथरायला लागायचं. ऐंशीला ती थरथर कोपरापर्यंत चढायची. वेग कमी केला की सगळं शांत. पूर्णिमाने आधी रस्त्याला दोष दिला. मग दुसऱ्या बाजूच्या नव्या डांबरावरही तेच झालं, तेव्हा तो विचार तिने सोडला.

घरी सांगितलं तर ललितने गाडी काढून इतवाऱ्याच्या बाजारापर्यंत फेरी मारली. "काही नाही गाडीला. एकदम ठीक चालते."

"इतवाऱ्याच्या गर्दीत तुम्ही किती वेगाने गेलात?" तिने विचारलं.

ललित हसला. चुडामणकाका मात्र गंभीरपणे म्हणाले, "पोरी, हात नवा हाये तुझा. हँडल घट्ट धरतेस, म्हनून हलते. एखादा डायवर पाह्यू का?"

"मामा, हात नवा होता तेव्हा हलत नव्हतं. आता हलतंय," पूर्णिमा सासऱ्यांना म्हणाली. पुढे वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी जाताना तिने स्वतःच गाडीची परीक्षा घेतली. सरळ रस्त्यावर पकड जरा सैल केली. गाडी कुठल्याच बाजूला ओढत नव्हती. मोकळं बघून हलकेच ब्रेक दाबला. थरथर ब्रेकमुळे वाढत नव्हती. नव्वदच्या पुढे तर ती थोडी ओसरायचीच. म्हणजे एका ठरावीक वेगातच हे भूत अंगात येत होतं. परतल्यावर गाडी थंड झाली तेव्हा तिने पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. रबर एकसारखं झिजलेलं नव्हतं. कुठे खोलगट, कुठे उंच, असं लाटेसारखं हाताला लागत होतं.

इतवाऱ्याच्या पलीकडे भाईदासचं टायरचं दुकान आहे. शनिवारी ती तिथे गेली. भाईदास पन्नाशीचा, बोलायला गोड, कामाला बरा. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले. गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर हलते का, कधीपासून. पूर्णिमाकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. तेव्हा तो म्हणाला, "मग अलाइनमेंट नाही, चाकं सरळच आहेत, भाभी. बॅलन्सिंग गेलंय."

त्याने चाक मशीनवर चढवलं आणि समजावून सांगितलं. टायर आणि रिम मिळून चाक बनतं, पण त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. एक बाजू किंचित जड असते. हळू चाललं तर कळत नाही, जोरात फिरलं की ती जड बाजू प्रत्येक फेऱ्याला चाकाला झटका देते. म्हणून तिच्या समोरच्या बाजूला रिमवर धातूचे छोटे तुकडे ठोकून तोल साधतात. टपरीवाल्याने टायर उतरवून चढवलं, तेव्हा ते तुकडे पडले असणार. रिमच्या आत चिखलाचा थरही वाळून बसला होता. भाईदासने चिखल खरवडला, दोन्ही पुढच्या चाकांना नवे तुकडे लावले.

"मागची?" पूर्णिमाने विचारलं.

"मागची कोण करतं, भाभी? स्टिअरिंग तर पुढच्यांनीच हलतं."

सोमवारी मुक्ताईनगरच्या पुढे स्टिअरिंग हातात अगदी गप्प राहिलं. पूर्णिमाला इतकं बरं वाटलं, की तिने मागे वळून न बघताच विचारलं, "आत्या, आता ठीक ना?" सासूला ती आत्या म्हणते.

मागून उत्तर आलं. "तुले ठीक वाटते तर ठीकच असंन."

"तुम्हाला काय वाटतं?"

सरुबाई तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हत्या. आपल्यामुळे पोरीला रोज एवढी धावपळ, हे त्यांच्या मनाला लागलेलं होतं. पण पूर्णिमाने पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मह्या पाठीखाली कोनी जातं फिरवून राह्यलं असं वाटते. घर्रर्र घर्रर्र. पह्यलेपासूनच हाये. मले वाटलं, गाडी अशीच असते."

पूर्णिमाने वेग साठवर आणला. "आता?"

"आता थांबलं."

पुन्हा ऐंशी. "आता?"

"आलं पाह्य परत."

जळगावपर्यंत दोघींनी हाच खेळ केला. पूर्णिमा स्टिअरिंग धरून, सरुबाई पाठ टेकून. पुढे काहीच कळत नव्हतं आणि मागे प्रत्येक वेळी कळत होतं. शेक घेऊन बाहेर आल्यावर सरुबाईंच्या चेहऱ्यावर नेहमीचा थकवा होता, पण त्या स्वतःहून म्हणाल्या, "जाताना बी पाहू बरं का." आजारी पडल्यापासून त्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर पूर्णिमा सरुबाईंना घरी सोडून थेट भाईदासकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "भाभी, बुरा मत मानना. आजारी माणसाला सगळंच जास्त लागतं. गाडी जुनी आहे, थोडं तर चालायचंच."

"आजारी आहेत म्हणूनच त्यांना आधी कळलं," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही उद्या सकाळी माझ्यासोबत चला. मागे बसा. तुम्हाला काही जाणवलं नाही तर मी पुन्हा येणार नाही."

"दुकान कोण बघेल?"

"दुकान उघडायच्या आधी येते. शहापूरचा रस्ता तेव्हा मोकळा असतो."

भाईदासने टाळाटाळ केली. मुलाची शाळा, गुडघ्याचं दुखणं, उद्या गाडी भरून माल येणार. पूर्णिमा काउंटरसमोर उभीच राहिली. शेवटी तोच म्हणाला, "ठीक आहे, या."

सकाळी तो मागच्या सीटवर, सरुबाईंच्या गोधडीवर अवघडून बसला. शहराबाहेर पडल्यावर दोन्हीकडे केळीच्या बागा लागल्या, रस्ता सरळ झाला, आणि पूर्णिमाने वेग वाढवला. थोडा वेळ भाईदास खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने हात सीटवर टेकला, नंतर पाय चपलेतून काढून खालच्या पत्र्यावर ठेवला.

"थोडं कमी करा," तो म्हणाला. तिने केलं. "परत वाढवा." तिने वाढवलं.

"डावीकडचं मागचं," तो म्हणाला. "चला परत."

दुकानात त्याने मागचं डावं चाक मशीनवर चढवलं. चाक गरगर फिरून थांबलं आणि पडद्यावर आकडा आला. भाईदासने भुवया उंचावल्या, पण डब्यातून वजनाचे तुकडे काढायला लागला. एक, दुसरा, तिसरा जड तुकडा त्याच्या हातात बघून पूर्णिमाने विचारलं, "पुढच्यांना एवढंसंच लागलं होतं. ह्याला इतकं वजन कशाला लागतंय?"

"मशीन मागतंय, तेवढं द्यायचं."

"पण मागतंय कशामुळे?"

भाईदास थांबला. तुकडे डब्यात टाकून त्याने चाक हाताने सावकाश फिरवलं आणि डोळे टायरच्या कडेला लावून बघितलं. टायर एका जागी किंचित बाहेर येऊन परत आत जात होतं. मग त्याने आतल्या बाजूने, जी बाजू गाडीखाली असते आणि कुणाला दिसत नाही, तिथून हात फिरवला. त्याचा हात एका ठिकाणी अडकला.

"इथे हात लावा," तो म्हणाला.

पूर्णिमाने लावला. रबराला लिंबाएवढा फुगवटा आला होता. बोटाने दाबला तर मऊ लागत होता.

"आतले दोरे तुटलेत. कुठल्या तरी खड्ड्यात जोरात आपटली असेल गाडी," भाईदास म्हणाला. आता त्याचा आवाज गोड नव्हता, सरळ होता. "मी वजन ठोकून दिलं असतं ना, तर थरथर गेली असती आणि तुम्ही निर्धास्त चालवत राहिल्या असत्या. हे टायर रस्त्यातच फुटलं असतं."

पूर्णिमा दुकानातल्या स्टुलावर बसली. मुक्ताईनगरच्या पुढचा रस्ता, शेजारून जाणारे ट्रक आणि मागे उशांवर निजलेल्या आत्या, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन उठली आणि म्हणाली, "मागची दोन्ही टायरं नवी घाला. चारही चाकं मशीनवर चढवा. आज आम्हाला वेळेवर निघायचंय."

त्या दिवशी त्या निघाल्या, आणि शेक चुकला नाही.

संध्याकाळी ललितने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उन्हाळ्यात नेपानगरहून येताना मीच एका खड्ड्यात घातली होती गाडी. वरून काही दिसलं नाही, म्हणून विसरून गेलो." चुडामणकाका ओट्यावरून उठून आत आले. त्यांनी सुनेला विचारलं, "आता ते जातं बंद झालं का, तुझ्या आत्याले विचारलं?"

"विचारायची गरजच पडली नाही, मामा. भुसावळपासून घरापर्यंत त्या झोपून होत्या."

डायवरचा विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही.

शेक संपले तेव्हा पावसाळा सरत आला होता. सरुबाईंची कातडी भाजल्यासारखी काळवंडली होती, अन्नाची चव गेली होती, पण एकही दिवस बुडला नव्हता. शेवटच्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आल्यावर पूर्णिमाने मागचं दार उघडलं, तर सरुबाई तशाच पुढे गेल्या आणि पुढचं दार स्वतः उघडून बसल्या. "मागं पडून पडून मले नुसतं आभाळ दिसलं इतके दिवस," त्या म्हणाल्या. "रस्ता तं पाहू दे."

बेल्ट लावताना पट्टा दुखऱ्या बाजूला येत होता, म्हणून पूर्णिमाने आपली ओढणी घडी करून मध्ये घातली. भुसावळच्या पुढे सरुबाईंनी चहा प्यायला गाडी थांबवायला लावली. कपभर चहा त्या पूर्ण प्यायल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

आता तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. डॉक्टर म्हणतात, प्रकृती सुधारते आहे, लक्ष ठेवू. निघण्याआधी पूर्णिमा गाडीभोवती फिरते आणि चारही टायरांवरून आतून-बाहेरून तळहात फिरवते. मागच्या महिन्यात समोरच्या घरातली वंदना तिच्याकडे आली. तिच्या नवऱ्याची गाडी जोरात नेली की हलते, आणि नवरा म्हणतो रस्ताच खराब.

पूर्णिमाने हातातली साडी मशीनवरून बाजूला केली आणि विचारलं, "कुठे हलते? स्टिअरिंगला की सीटला?"

वंदनाला ते सांगता येईना. पूर्णिमाने मशीनवर कापड झाकलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, बसून बघू."